मुंबईची एलिझाबेथ : एका पूर्वज-स्त्रीचे चरित्र

मराठीत आजीच्या मागे पणजी येते, पणजीच्या मागे खापरपणजी. तेथे नात्याचा शब्द संपतो आणि बहुधा नावही संपते. श्राद्धविधीत माता, पितामही आणि प्रपितामही अशा तीन पिढ्यांतील स्त्रियांचा नामोच्चार होतो. त्यापलीकडील बायका निनावी पितरांत मिसळून जातात. छापील कुलवृत्तांत उघडून पाहिला तर पुरुषांच्या नावांची शाखा-उपशाखांनी वाढलेली झाडे दिसतात आणि त्यांच्या फांद्यांवर सासरी बदललेले एखादे नाव, तेही माहेरच्या उल्लेखाविना, कोठेतरी टांगलेले आढळते. वस्तुतः घराणे जेव्हा एक प्रदेश सोडून दुसऱ्या प्रदेशात जाते तेव्हा नव्या ठिकाणी चूल मांडण्याचे काम याच बायकांनी केलेले असते. जबलपूरचेच उदाहरण घ्यावे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. प्रत्येक सत्तांतराबरोबर माणसे आली. गोहलपुरापासून गढ्यापर्यंतच्या वस्त्या अशा बाहेरून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी घडविल्या. त्यांतील कर्त्या पुरुषाने कोणाची चाकरी केली हे घरातील वडीलधारे सांगू शकतात. त्याच्या पाठोपाठ बैलगाडीतून नर्मदा उतरून आलेल्या बाईविषयी मात्र क्वचितच कोणी दोन वाक्ये बोलतो.

ही दोन वाक्ये बोलण्याची सक्ती करणारा एक समाज एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निर्माण झाला. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथात पूर्वजांच्या नोंदी ठेवणे हा धर्माचरणाचाच भाग आहे, कारण मृत पूर्वजांच्या वतीने संस्कार करता येतात अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ युटा पायोनिअर्स’ या स्त्रियांच्या संघटनेने आद्य वसाहतकारांची चरित्रे त्यांच्या लेकी-नातींकडून लिहवून घेतली. अशी हजारो चरित्रे जमली. त्यांचा साचा ठरलेला आहे : सुखवस्तू माहेर, धर्मोपदेशकाची भेट, आप्तांचा विरोध, समुद्रप्रवास, पठारावरील चालणे, वाटेत पुरलेले मूल, आणि अखेर सॉल्ट लेकच्या खोऱ्यातील घर. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, डेन्मार्क येथून आलेल्या बायकांच्या या गर्दीत मुंबईत जन्मलेली एक स्त्री आहे. तिचे नाव एलिझाबेथ झेवियर टेट.

मॉर्मन धर्मोपदेशक मुंबईपर्यंत कसे आले हे थोडक्यात सांगितले पाहिजे. हिंदुस्थानातील त्यांच्या कार्याचा आरंभ १८५१ मध्ये कलकत्त्यात झाला. १८५२ च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले हा उपदेशक इंग्लंडहून मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युटामध्ये पंथाच्या नेत्यांनी बहुपत्नीकत्वाचा उघड पुरस्कार केला होता. ही वार्ता हिंदुस्थानातील इंग्रजी वृत्तपत्रांत पोहोचताच गोऱ्या समाजाची दारे फटाफट बंद झाली. फिंडलेला लष्करी छावणीत उपदेश करण्यास मज्जाव झाला. त्याने देशी भाषेचा अभ्यास केला, शाळा चालवून पाहिली. परंतु त्याच्या मागे आले ते बहुतांशी युरोपीय शिपाई आणि त्यांच्या घरची माणसे. मराठी समाजावर या पंथाचा ठसा उमटला नाही. १८५३ मध्ये कलकत्त्यास उतरलेले उपदेशकांचे दुसरे पथकही दोन-तीन वर्षांत पांगले. ज्यांनी दीक्षा घेतली त्यांना एकच आदेश होता : ‘सायन’ला, म्हणजे युटाला, येऊन मिळा. तेव्हा श्रद्धा स्वीकारणे म्हणजे देश सोडणे, असा या पंथाचा अर्थ होता.

एलिझाबेथचा पती विल्यम टेट हा ब्रिटिश सैन्यात नोकरीस असलेला मॉर्मन. ती एका सधन, प्रतिष्ठित घरातील सुशिक्षित मुलगी होती असे वंशज सांगत आले आहेत. येथे भारतीय वाचकाची नजर ‘झेवियर’ या नावावर अडखळते. मुंबई, वसई, साष्टी आणि गोवे या पट्ट्यातील ख्रिस्ती समाजात हे नाव सोळाव्या शतकापासून परिचयाचे आहे. संत फ्रान्सिस झेवियरचे शव गोव्यात आहे. ज्या घराला हे नाव लागते त्या घराने धर्मांतराचा उंबरठा बहुधा कित्येक पिढ्यांपूर्वीच ओलांडलेला असतो. त्या घराचे स्वतःचे चर्च, स्वतःचे सणवार, विवाहसंबंधांची स्वतःची वर्तुळे असतात. म्हणून एलिझाबेथचे घर सोडणे हे अंधारातून प्रकाशात येणे होते, असे जे या प्रकारच्या चरित्रांत सहज गृहीत धरले जाते, ते तपासून घ्यावे लागते. एका जुन्या ख्रिस्ती परंपरेतून एका अत्यंत नव्या, अमेरिकेत जेमतेम पंचवीस वर्षे वय असलेल्या पंथात ती गेली. तिच्या आईवडिलांना ते पाऊल वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

१८५५ मध्ये विल्यम आपल्या लहान मुलाला घेऊन पुढे निघाला. एलिझाबेथ गर्भवती होती. ती मागे राहिली. कौटुंबिक कथनातील सर्वांत तीव्र प्रसंग यानंतरचा आहे. मुलगी झाली, माहेरच्या माणसांनी तिला राहण्याविषयी परोपरीने विनविले, आणि तान्ह्या मुलीला घेऊन ती एकटी इंग्लंडच्या जहाजावर चढली. सुएझचा कालवा १८६९ चा. तत्पूर्वी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठावयाचे म्हणजे चार-पाच महिन्यांची गोष्ट. या प्रवासाने मुलीचा बळी घेतला. मुंबईत आईवडील, अमेरिकेत नवरा आणि मुलगा, आणि मधल्या वाटेवर मुलगी मृत्यूच्या स्वाधीन केलेली, अशा अवस्थेत ती लिव्हरपूलहून पुढच्या जहाजावर बसली.

कथनात या क्षणाला ‘निष्ठेची कसोटी’ म्हटले जाते. तो शब्द खोटा नाही. परंतु तो पुरेसाही नाही. माघारी फिरणे तिला शक्य होते काय? माहेरी परत जावे तर मुलगा कायमचा दुरावला असता. पुढे जावे तर माहेर दुरावलेच होते. ज्या स्त्रीचे एक मूल समुद्रापलीकडे आहे, तिचा निर्णय धर्मश्रद्धेने घेतला की मातृत्वाने, हे वेगळे काढण्याचा आग्रह कथनकारांना असतो. जगणाऱ्या बाईला तो नसतो.

‘थॉर्नटन’ हे जहाज ४ मे १८५६ रोजी लिव्हरपूलहून निघाले. त्यावर साडेसातशेहून अधिक मॉर्मन प्रवासी होते. १४ जूनला ते न्यूयॉर्कला लागले. तेथून आगगाडीने आयोवा सिटी. तेथे आगगाडीचा मार्ग संपत असे. पुढे युटापर्यंत सुमारे १,३०० मैल. या अंतरासाठी त्या वर्षी प्रथमच हातगाड्यांची योजना अमलात आली होती. तिचे कारण साधे होते : १८५५ मध्ये युटात अवर्षण आणि टोळधाड यांनी पिके बुडविली, निर्वासितांसाठी उभारलेला कर्जनिधी आटला, आणि बैल व मोठ्या गाड्या विकत घेण्यास पैसा उरला नाही. तेव्हा माणसांनीच गाड्या ओढाव्यात, असे पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग याने ठरविले. पाच माणसांमागे एक हातगाडी, वीस माणसांमागे एक तंबू, दरमाणशी सतरा पौंड सामान. कपडे, अंथरूण, भांडीकुंडी, सारे या सतरा पौंडांत. मुंबईहून निघताना तिने जे काही बरोबर घेतले असेल त्यातील किती आयोवाच्या गवतावर टाकून द्यावे लागले असेल, याचा हिशेब कोणत्याही स्त्री-वाचकाला चटकन करता येईल.

जेम्स विली याच्या नेतृत्वाखालील तांडा १५ जुलैला आयोवा सिटीहून निघाला. सुमारे ५०० माणसे, १२० हातगाड्या, आणि सामानाच्या पाच मोठ्या गाड्या. हातगाड्या घाईघाईने, ओल्या लाकडाच्या केलेल्या होत्या. पठाराच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसे, चाके निखळत, आस झिजत. वंगण म्हणून डुकराची चरबी आणि साबण वापरावा लागे. ऑगस्टच्या मध्यास फ्लोरेन्स या मुक्कामी प्रश्न उभा राहिला : येथेच हिवाळा काढावा की पुढे जावे? उशीर झाला होता. जमलेल्या सभेत लेव्ही सॅव्हेज नावाच्या उपनायकाने स्पष्ट विरोध केला : म्हातारेकोतारे, बायका आणि मुले यांना घेऊन या ऋतूत डोंगर ओलांडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. बहुसंख्यांनी पुढे जाण्याचे ठरविले, आणि मग सॅव्हेज म्हणाला, की जावयाचेच असेल तर मीही तुमच्याबरोबर येईन, तुमच्याबरोबर सोसीन, मरावे लागले तर मरेन. हा सॅव्हेज कोण? १८५३ मध्ये कलकत्त्यास उतरलेल्या उपदेशकांपैकी तो एक; ब्रह्मदेशात दोन वर्षे काढून तो नुकताच मायदेशी परतला होता. बंगालच्या उपसागराचा उकाडा अनुभवलेला हा पुरुष आणि कोकणच्या समुद्राकाठी जन्मलेली ती स्त्री, दोघे एकाच तांड्यात चालत होते. त्या ५०० माणसांत हिंदुस्थानची हवा अंगावर घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असणार.

सप्टेंबरच्या आरंभी तांड्याची सुमारे तीस जनावरे एका रात्री उधळून नाहीशी झाली. मोठ्या गाड्या ओढण्यास बैल पुरेनात, म्हणून पिठाची पोती हातगाड्यांवर आली. माणशी रोज एक पौंड पिठाचा शिधा होता. पुढे तो पाऊण पौंडावर, मग आणखी खाली आला. ज्यांच्यावर ओझे वाढले त्यांचेच अन्न घटले. १९ ऑक्टोबरला, आजच्या वायोमिंग राज्यातील स्वीटवॉटर नदीच्या काठी, पहिला हिमवर्षाव झाला आणि त्याच सुमारास शेवटचे पीठ वाटले गेले. ४ ऑक्टोबरलाच सॉल्ट लेक सिटीत या तांड्याची बातमी पोहोचली होती. दुसऱ्या दिवशीच्या धर्मसभेत ब्रिगहॅम यंगने सर्व व्याख्याने बाजूला ठेवून गाड्या, पीठ आणि हाकणारे मागितले. मदतीच्या पहिल्या गाड्या २१ ऑक्टोबरला तांड्याला भेटल्या. परंतु संकट तेथे संपले नाही. २३ ऑक्टोबरला ‘रॉकी रिज’ नावाचा खडकाळ चढ बर्फाळ वाऱ्यात ओलांडावा लागला. शेवटची माणसे मुक्कामी येईपर्यंत दुसरा दिवस उजाडत आला. रॉक क्रीकच्या त्या मुक्कामी तेरा प्रेते एकाच खड्ड्यात पुरली गेली. ज्यांनी खड्डा खणला त्यांतील दोघे नंतर दगावले. ९ नोव्हेंबर १८५६ रोजी तांडा सॉल्ट लेक सिटीत शिरला तेव्हा प्रवासातील मृतांची संख्या सत्तरच्या आसपास गेली होती. मागून येणाऱ्या मार्टिनच्या तांड्यात याच्या दुपटीने माणसे मेली.

एलिझाबेथ जगली. पती आणि मुलगा तिला भेटले, आणि हे कुटुंब दक्षिणेस सुमारे अडीचशे मैलांवरील सीडर सिटी या वसाहतीत स्थायिक झाले. तेथे तिचा संसार झाला, वंश वाढला, आणि त्या वंशजांनी तिचे नाव जिवंत ठेवले.

वंशजांविषयी कृतज्ञता बाळगूनही येथे एक प्रश्न विचारावा लागतो. या कथनात एलिझाबेथ पाहिली जाते. ती पाहत नाही. तिचे घर किती श्रीमंत होते हे सांगितले जाते, कारण त्यागाचे मोल त्यावरून ठरते. तिने आईवडिलांना नकार दिला हे सांगितले जाते, कारण त्यावरून श्रद्धेचे मोल ठरते. आपल्याकडील संतचरित्रांशी परिचित असलेल्या वाचकाला ही रीत नवी नाही. महिपतीने १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’तही संसाराची दुःखे देवाच्या कृपेचा पुरावा म्हणून येतात. परंतु मराठीत याच्या शेजारी दुसरीही एक परंपरा आहे. सतराव्या शतकातील बहिणाबाईने आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः अभंगांत सांगितली : नवऱ्याचा मार, वासराचा लळा, तुकोबांचा ध्यास. तेथे दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार दुःख भोगणारीकडेच राहतो.

एलिझाबेथच्या जवळ ठेवून वाचावी अशी मराठीतील स्त्री म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई एका क्षणात नवरा असून एकट्या झाल्या. लहानगा मुलगा, दुभंगलेले घर, नातलगांचा शोक. सुमारे पाच वर्षे ताटातूट. आणि मग हळूहळू, भांड्याभांड्यांनी, पाण्याच्या एकेका घोटाने स्वतःच्या मनातील सोवळे उतरवीत त्या नवऱ्याच्या धर्मापर्यंत पोहोचल्या. एलिझाबेथने समुद्र आणि पठार ओलांडले. लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला. कोणते अंतर अधिक, हे ठरविणे कठीण. परंतु लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात त्या स्वतःला हसतात, टिळकांवर चिडतात, देवाशी भांडतात. औपचारिक शिक्षण नसलेल्या बाईच्या बोलण्यातून मराठी गद्याचा एक मानदंड उभा राहिला. त्या पुस्तकात त्याग हा शब्द मिरवत नाही, म्हणूनच त्याग दिसतो.

याहून जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंच्या आईचे. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी नवऱ्याबरोबर तीर्थयात्रेत आयुष्य काढले, वाटेवरच मुलांना वाढविले, रमाबाईंना संस्कृत शिकविले, आणि १८७४ मध्ये दुष्काळात उपासमारीने प्राण सोडला. त्याही एक प्रकारे तांड्याबरोबर चाललेल्या बाई. फक्त त्यांचा तांडा एका कुटुंबाचा होता आणि त्यांच्या वाटेवर कोणाच्या मदतीच्या गाड्या आल्या नाहीत. त्यांची आठवण उरली, कारण मुलीने ती लिहिली. रमाबाईंनी उपाशी आईला पाहिले होते. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि तेथील अनाथ मुली व विधवा यांना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. नर्मदेच्या खोऱ्यातील कितीतरी मुली अशा रीतीने पुणे जिल्ह्यातील केडगावला पोहोचल्या, मराठी बोलू लागल्या, ख्रिस्ती झाल्या, आणि कोणाच्या तरी पणज्या झाल्या. त्यांच्या चालण्याची चरित्रे कोणत्या कन्यासंघाने लिहवून घेतली? आईची स्मृती मुलीच्या हाती कृती बनते, हे खरे. परंतु त्या कृतीतून जगलेल्यांची स्मृती पुन्हा निनावीच राहते.

एलिझाबेथच्या तांड्यातही एक लिहिणारी होती. एमिली हिल ही इंग्लंडमधील वीस वर्षांची तरुणी बहिणीबरोबर हातगाडी ओढीत त्याच वाटेने चालली. पुढे एमिली हिल वुडमन्सी या नावाने ती युटातील कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिची गीते पंथाच्या गीतसंग्रहात आली. दोघींनी तोच बर्फ तुडविला, तोच शिधा खाल्ला. एक आपल्या भाषेच्या लोकांत चालत होती. दुसरीच्या जन्मगावाचा आवाज समजू शकेल असे माणूस तिच्या भोवतालच्या तंबूत जवळजवळ नव्हते. मुंबईच्या बाजारात, विहिरीवर, चर्चच्या आवारात कानी पडणारे बोल तिने सीडर सिटीत कोणाजवळ उच्चारावेत? स्थलांतरात माणूस दागिने विकतो, कपडे टाकतो, पण भाषा मात्र त्याच्या हातून नकळत गळते. तिची पतवंडे तिला इंग्रजीत आठवतात, तेव्हा ती इंग्रजीतच बोलते.

‘आद्य वसाहतकार’ हा शब्दही निर्वेध स्वीकारता येत नाही. ज्या भूमीला रिकामी मानून हे तांडे निघाले ती रिकामी नव्हती. शोशोनी आणि पायूट लोकांची ती भूमी होती, आणि सीडर सिटीच्या परिसरातील पाणी, कुरणे व शिकार यांवर नव्या शेतांचा भार पडला तो पायूट कुटुंबांवरच. एलिझाबेथ पोहोचल्यानंतर वर्ष पुरे होण्यापूर्वीच, सप्टेंबर १८५७ मध्ये, सीडर सिटीपासून फारशा दूर नसलेल्या माउंटन मेडोज येथे स्थानिक मॉर्मन सैनिकांनी काही पायूटांना हाताशी धरून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. तेही एका तांड्यातीलच पुरुष, बायका, मुले होती. त्याच महिन्यात इकडे दिल्ली इंग्रजांच्या हाती पडत होती. एक साम्राज्य सोडून गेलेली स्त्री दुसऱ्या एका विस्ताराच्या काठावर जाऊन बसली होती. हे तिच्यावर ठेवलेले दूषण नव्हे. परंतु पूर्वज-स्त्रीला केवळ सोसणारी म्हणून पुजले की तिच्या काळातील इतर सोसणाऱ्या बायका, तिच्या अंगणापलीकडील पायूट बायका, पुन्हा दृष्टीआड होतात. सन्मान करावयाचा तर तिला पूर्ण माणूस म्हणून, तिच्या काळाच्या सर्व गुंतागुंतीसह पाहिले पाहिजे.

मग एलिझाबेथ टेट भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासाची कोण लागते? भाषा हा निकष धरला तर कोणी नाही : तिची कथा इंग्रजीत, अमेरिकेत, एका पंथाच्या स्मृतिव्यवहारात घडली. तथापि भारतीय भाषांतील स्त्री-आत्मचरित्रांच्या ओळीत तिची जागा मोकळी दिसते, आणि ती मोकळी जागाही काही सांगते. ‘स्मृतिचित्रे’ नसती तर लक्ष्मीबाईही ‘कवी टिळकांची सहनशील पत्नी’ या एका ओळीत मावल्या असत्या. ही एक ओळ आणि तो ग्रंथ यांच्यामधील अंतर म्हणजेच एलिझाबेथच्या चरित्रातील मौन. तुलनाकाराने ते कल्पनेने भरून काढू नये, आणि ते नसल्यासारखे पुढेही जाऊ नये. तिच्या चालण्याचे मैल मोजता येतात, शिध्याचे पौंड मोजता येतात, हिमवर्षावाची तारीख सांगता येते; हे सारे नीट सांगितले म्हणजे न सांगितलेल्याची रुंदी आपोआप दिसू लागते.

प्रपितामहीपर्यंत नाव घेऊन थांबणारी परंपरा आणि दहा पिढ्यांची नावे नोंदविणारी परंपरा, दोन्हींत बाईचे स्वतःचे बोलणे हरविण्याचा धोका सारखाच आहे. नाव टिकले म्हणजे बाई टिकली असे होत नाही. ज्या घरात आजही एखादी वृद्धा बसून कोठून आलो, कोणत्या वाटेने आलो, वाटेत कोण गेले हे सांगू शकते, त्या घराने तिला तिच्याच भाषेत, तिच्याच क्रमाने, मधूनच विषय सोडून भलत्याच गोष्टीकडे वळू देऊन बोलू द्यावे आणि ते उतरून घ्यावे. एलिझाबेथसाठी ती वेळ निघून गेली. जबलपूरच्या, नागपूरच्या, केडगावच्या घरांतून ती अद्याप पुरती गेलेली नाही.